वरचा एक

आमच्या नातीनं, आफशीननं कुराण पुरं केलं आणि तिच्या बापानं, तोहिदनं गल्लीत घरोघर पेढे वाटले, ते दोन हजार बावीस साल. वैशाखातलं ऊन होतं. शेजारची आक्का पेढे घरी यायची वाट न बघता स्वतःच आमच्या उंबऱ्याशी आली. तिनं दोन पेढे उचलले, एक आफशीनच्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "पोरीनं एवढं थोरलं पुस्तक संपवलं. नजीरा, तू म्हातारपणी का हुईना अक्षरं गिरवलीस. मी अजून अंगठाच देतो."

मी त्रेपन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसून वाचायला शिकले. आक्का माझ्याबरोबर दोन दिवस आली होती. तिसऱ्या दिवशी तिची म्हैस व्याली आणि पाटी सुटली ती सुटलीच.

आक्काचं कागदावरचं नाव झुंबरबाई. पण गडमुडशिंगीत त्या नावानं कुणी विचारलं असतं तर आमच्या गल्लीतल्या पोरांनी घर दाखवलं नसतं. आमच्या घरामागच्या परड्याला लागून तिचा गोठा. गोठ्यात दोन म्हशी आणि भिंतीवर ओळीनं थापलेल्या शेण्या, म्हणजे गोवऱ्या. तिचा मुलगा उदयसिंह दूध डेअरीला घालायचा. शेण्या मात्र आक्काच्या, त्यात तो हात घालत नसे.

माझे मालक गैबी जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्यांनी शेळ्यांसाठी बांधलेली पत्र्याची शेड घरामागं रिकामी पडली होती. तोहिद, माझा मुलगा, छोटा हत्ती टेम्पो चालवतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा माल तो ने-आण करायचा. तिथूनच त्यानं घरी काम आणलं. क्रेट भरून पितळी बुश यायचे. बुश म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढं पितळेचं कडं, मधे भोक. ते निवडून, मोजून, डब्यात भरून परत द्यायचे.

निवडायला एक लोखंडी दांडा असतो, त्याला गेज म्हणतात. एका बाजूचं टोक बारीक, दुसऱ्या बाजूचं जाड. बारीक टोक भोकात गेलं पाहिजे आणि जाड जाता कामा नये. तसं झालं तर नग पास, हिरव्या क्रेटमधे. नाही झालं तर नापास, तांबड्यात. आम्ही पाच बायका होतो. मी, माझी सून सबिना, पलीकडच्या गल्लीतली क्रांती, आणखी एक जण आणि आक्का. सकाळी नऊला बसायचं. अकरानंतर पत्रा तापून टकटक वाजायला लागायचा. पितळेचा वास हाताला बसायचा, तो साबणानं जायचा नाही. भाकरी मोडली तरी बोटांना पितळच लागायचं.

आक्काला मोतीबिंदू. गेजचं काम तिच्यानं होत नसे. पण मोजणी तिची. ती हिरव्या क्रेटमधे हात घालायची आणि मूठ बाहेर यायची ती पाच नगांची. न बघता. चार नाही, सहा नाही. मूठ डब्यात, मूठ डब्यात, वीस मुठी झाल्या की शंभराचा डबा भरला. झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवायची. मी वहीत डबे लिहायची. आम्ही तिची मोजणी एकदोनदा तपासून बघितली होती, डब्यात टाकता टाकता. वीस मुठी, प्रत्येकीत पाच. त्यानंतर कुणी तपासली नाही.

पूर्वी कारखान्यात माल तराजूवर अंदाजानं घेत. त्या वर्षी तिथं विजयसिंह नावाचे नवे सुपरवायझर आले. ते आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक नगाचा मेळ घालायचे. पेढे वाटून पंधरा दिवस झाले असतील, एका दुपारी ते मोटरसायकलवरून थेट शेडच्या दारात आले. वय तिशीचं. शर्टाची पाठ घामानं चिकटलेली.

"पाच हजार नग दिलते," ते उभ्यानंच म्हणाले. "तुमचे डबे अठ्ठेचाळीस. सुट्टे सदतीस. नापास एकशे पंधरा. बेरीज करा."

बेरीज सबिनानं केली. "चार हजार नऊशे बावन्न."

"बाकीचे अठ्ठेचाळीस कुठं गेले? त्याच्या आधीच्या खेपेला सत्तेचाळीस कमी. त्याच्याही आधी एकोणपन्नास. पितळ हाय हे. भंगारवाला दारात येऊन घेऊन जातोय, हे मला बी कळतं."

क्रांतीनं गेज खाली ठेवला. "आम्ही चोर व्हय मग?"

"मी तसं म्हटलं न्हाय. मोजतं कोण?"

आमच्या चौघींच्या नजरा आक्काकडे वळल्या. आपण तसं बघायला नको होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आक्काच्या कमरेला कापडी बटवा असायचा. विजयसिंह त्याच्याकडं बघून म्हणाले, "आजी, त्यात काय हाय?"

"पानसुपारी."

"दाखवा."

सबिना मधे पडायला उठली. आक्कानं तिला हातानं बसवलं. मग कमरेची गाठ सोडली आणि बटवा माझ्या वहीवर उलटा केला. चार सुपाऱ्या, चुन्याची डबी, अडकित्ता, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, आणि वाळलेलं अंबाबाईचं फूल. एवढंच. विजयसिंहांनी बोटानं ते फूल बाजूला सारून खाली बघितलं. खाली काही नव्हतं.

"पुढची खेप बरोबर भरली तर काम राहील," ते जाता जाता म्हणाले. "आणि मोजायला दुसरं कुणीतरी बसवा. ह्यांचं वय झालंय."

मोटरसायकल गेली. आक्का एकेक सुपारी उचलून बटव्यात भरत होती. तिची बोटं एरवी कधी अडखळत नसत, त्या दिवशी अडकित्ता दोनदा खाली पडला. सगळं भरून झाल्यावर तिनं गाठ मारली आणि उठली.

"नजीरा, म्हशींची वेळ झाली. येतो मी."

दुपारचे दोन वाजले होते. म्हशींची वेळ पाचची.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी परड्यातून गोठ्यात गेले. ती शेण्या उतरवत होती. वडणग्याकडून कुणी पावणं बैलगाडी घेऊन आलं होतं, त्याला मोजून देत होती. दोन्ही हातांत मिळून पाच शेण्या, गाडीत. परत पाच, गाडीत. वीस वेळा झालं की दोन्ही हातांनी अजून पाच घेऊन गाडीतल्या ढिगावर टाकायची आणि तोंडानं म्हणायची, "झालं शंभर." पावण्यानं हं म्हटलं. त्यालाही त्यात काही नवीन नव्हतं, मलाही नव्हतं. आमच्याकडं शेण्या अशाच देतात. मी बघितलं आणि विसरले.

"आक्का, चल की कामाला."

"त्यानं दुसरं कुणीतरी बसवा म्हटलंय."

"त्याच्या म्हणण्यानं चालतंय व्हय?"

"तुझ्या सुनेचं, क्रांतीचं, सगळ्यांचं काम जाईल माझ्यापायी." तिनं हात पदराला पुसले. "आणि एक सांगतो. मला चोर म्हटलं त्याचं काय न्हाय. पण माझी मोजणी चुकली असंल तर मला ते कळाय पायजे. सात वर्षांची असल्यापासनं मोजतोय मी."

घरी येऊन मी हे सबिनाला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "अम्मा, मोजणारं यंत्र करूया."

तोहिद जेवत होता, त्याला ठसका लागला. "कारखान्यात मोजायची यंत्रं लाखालाखाची असतात."

"मोजायला काय लागतं? एकात एक मिळवायचा. परत एक मिळवायचा. त्याला लाख कशाला?"

सबिना मूळची वारणानगरची. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर. लग्नाआधी तिनं आयटीआयमधे इलेक्ट्रॉनिक्सची दोन वर्षं केली होती. आमच्या घरी आल्यावर त्या शिक्षणाचं कुणी काही केलं नाही. गल्लीतले मिक्सर आणि रिमोट दुरुस्त करून द्यायची, एवढंच. कपाटात वर तिचा सोल्डरिंगचा डबा होता. तो तिनं त्या संध्याकाळी खाली काढला. डब्यावरची धूळ पुसताना तिचा चेहरा मला वेगळा दिसला. माहेरचं कुणी दारात आल्यावर होतो तसा.

पुढचे आठ दिवस मी जे बघितलं ते मला जमेल तसं सांगते.

आधी तिनं टीव्हीचा रिमोट फोडला. आफशीन रडली. रिमोटच्या तोंडाशी एक छोटा दिवा असतो, त्याचा उजेड माणसाला दिसत नाही. तो काढून तिनं हातभर लांबीच्या पांढऱ्या पाइपच्या एका बाजूला बसवला. पाइपला गरम सळईनं समोरासमोर भोकं पाडली होती. दुसऱ्या बाजूच्या भोकात कोल्हापुरातून आणलेला एक काळा मणी लावला. दिवा सतत मण्याकडं बघतो. वरून बुश टाकला की तो दोघांच्या मधून जातो आणि क्षणभर मण्यावर सावली पडते. ती सावली मोजायची.

मोजायला तिनं माझ्याकडं गैबींचा कॅल्क्युलेटर मागितला. दुकानात असतो तसला मोठा, बटण दाबलं की टूक वाजणारा. शेळ्यांच्या बाजाराला जाताना ते घेऊन जायचे. मी तो पेटीत कापडात गुंडाळून ठेवला होता.

"फोडणार व्हय?" मी विचारलं.

"फक्त उघडणार, अम्मा. बंद करून देते."

मी दिला. तिनं मला दाखवलं. कॅल्क्युलेटरला एकदा एक मिळवायला सांगून ठेवलं, की बरोबरचं बटण जितक्या वेळा दाबू तितक्या वेळा आकडा एकानं वाढतो. तिनं त्या बटणाच्या पोटातून दोन तारा बाहेर काढल्या. आता ते बटण बोटानं दाबायचं नव्हतं. पाइपातली सावली ते दाबणार होती.

पहिला बुश टाकला. टूक. आकडा एकानं वाढला. मी परत टाकला. टूक. मी चौसष्ट वर्षांची बाई, पण दहा वेळा टाकला. आमच्या शेडमधल्या कुणी असं काही केलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. सबिना मात्र हसली नाही. म्हणाली, "हे सोपं होतं. आता चुका येतील."

आल्या. बाराच्या सुमाराला कॅल्क्युलेटर आपोआप टूकटूक करायला लागला. पाइपात काही नाही आणि आकडा पळतोय. क्रांती म्हणाली, "सबिनाभाबी, तुझ्या मशीनला भूत लागलं." सबिना पाइपाजवळ डोळा लावून बसली. घामाची धार तिच्या हनुवटीवरून पितळेवर पडत होती. मग तिनं वर बघितलं. पत्र्याला एका खिळ्याचं भोक होतं, त्यातून ऊन बरोबर मण्यावर येत होतं आणि वाऱ्यानं दारातल्या शेवग्याची फांदी हलली की ते तुटत होतं. तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पाइपावर बाहीसारखा चढवला. भूत गेलं.

मग दुसरी चूक. एका बुशाला कधी एक टूक, कधी दोन. ही शोधायला दोन दिवस गेले. बुश आडवा पडला की त्याच्या भोकातून उजेड आरपार जायचा. आधी कडेची सावली, मधे उजेड, परत कडेची सावली. यंत्राला वाटायचं दोन नग गेले. हे तिनं नुसता हातात बुश फिरवत, दिव्यासमोर धरून ओळखलं. तिनं एक बारीक भाग आणून जोडला. तो वीज क्षणभर धरून ठेवतो आणि तेवढ्या वेळात यंत्र दुसरी सावली मानत नाही. त्या जोडणीत तिचं बोट भाजलं. बोट कोरफडीत गुंडाळून एका हातानं भाकरी थापल्या तिनं.

आठव्या दिवशी यंत्र पुरं झालं. नवी खेप निम्मी निवडून झाली होती. मी आक्काला हाताला धरून यंत्रापाशी आणलं. मोजायला ती परत बसली होती ती सबिनाच्या सांगण्यावरून. "आक्का, तुम्ही मोजायचं आणि मागून यंत्र मोजेल. दोघं जुळले की त्या साहेबाला दाखवू." आक्कानं सकाळपासून दहा डबे भरून ठेवले होते.

तिनं पाइपाभोवती फिरून बघितलं. "ह्याला डोळा हाय म्हणतीस?"

"हाय की."

"मोतीबिंदू व्हतो का?"

"आत्ता तरी न्हाय."

"बरं हाय मग."

सबिनानं पहिला डबा उघडून एकेक बुश पाइपात सोडला. शेवटचा टूक वाजला. आकडा आला एकशे एक.

सबिनाच्या कपाळाला आठी पडली. दुसरा डबा. एकशे एक. तिसरा. एकशे एक.

क्रांती म्हणाली, "एक जास्तच मोजतंय की हे. आमाला चोर म्हणत्यात आणि मशीन म्हणतंय जास्त भरलंय!" ती हसली, पण लगेच गप्प झाली, कारण सबिनाचे डोळे भरले होते.

दहाही डबे एकशे एक निघाले.

त्या संध्याकाळी सबिना जेवली नाही. भाजलेलं बोट तोंडात धरून नुसती बसून होती. मी म्हटलं, "राहू दे गं, एवढं केलंस तेच खूप." तिनं ऐकलंच नाही. सकाळी मी उठले तेव्हा ती शेडमधे होती. माझ्याकडं वळून म्हणाली, "अम्मा, यंत्र चुकतं तेव्हा कसं चुकतं? उन्हानं चुकलं तेव्हा पळत सुटलं. भोकानं चुकलं तेव्हा कधी पाच जास्त, कधी तीन. हे दहा डब्यांना दहा वेळा बरोबर एकच चुकतंय. चूक इतक्या शिस्तीत होत न्हाय."

तिनं स्वतः सदतीस बुश मोजून माझ्या ओंजळीत दिले. यंत्रात टाकले. सदतीस. चौसष्ट टाकले. चौसष्ट. मग तिनं आक्काचा एक डबा चटईवर ओतला आणि आम्ही दोघींनी वेगवेगळा मोजला. मी मोजला तेव्हाही एकशे एक, तिनं मोजला तेव्हाही एकशे एक.

मी वही उघडली. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, पण डबे मी चुकत नाही. ज्या खेपेला अठ्ठेचाळीस नग कमी आले, त्या खेपेचे डबे अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस कमी, तेव्हा डबे सत्तेचाळीस. एकोणपन्नासला एकोणपन्नास.

सबिनानं ती पानं दोनदा वाचली. मग वहीवर कपाळ टेकून हसायला लागली. मला वाटलं रडतेय.

नऊला आक्का आली. सबिना म्हणाली, "आक्का, माझ्यासमोर एक डबा भरा."

आक्का भरायला लागली. मूठ, मूठ, मूठ. आम्ही सगळ्या तिच्या हाताकडं बघत होतो. विसावी मूठ डब्यात पडली. आक्कानं डाव्या हातानं झाकण उचललं, तिची नजर झाकणावर होती, आणि त्याच वेळी उजव्या हातानं क्रेटमधून एक बुश उचलून वर ठेवला. आणि झाकण दाबलं. "झालं शंभर."

"आक्का, हा कुठला?" सबिनानं विचारलं.

"कुठला?"

"आत्ता शेवटी टाकला तो."

"त्यो व्हय?" आक्काला प्रश्नच कळला नाही. "त्यो वरचा."

"वरचा म्हणजे?"

"आता काय सांगू? शंभरावर वरचा नसतो व्हय? शेण्यांवर पाच टाकतो मी. हे पितळ, दुसऱ्याचं, म्हणून एकच टाकतो." ती आमच्याकडं एकेकीकडं बघत होती. "तो मोजायचा नसतो. वर ठेवल्याबिगर शंभर पुरं कसं व्हईल?"

मला गाडीवरच्या शेण्या आठवल्या. मी उभी राहून बघितल्या होत्या. आणि मुठी तपासल्या तेव्हाही आम्ही विसाव्या मुठीपर्यंतच बघितलं होतं. त्यानंतर बघायचं काही असतं, असं आमच्यातल्या कुणाला वाटलंच नव्हतं.

सबिनानं तिला सावकाश समजावलं. डब्यात एक जास्त जातो, कागदावर शंभरच लागतो, म्हणून एकूण बेरजेत तेवढे कमी दिसतात. क्रांती मांडीवर थाप मारून म्हणाली, "आक्का, तू चोरी न्हाय केलीस, कारखान्याला धर्मादाय केलंस!"

सगळ्या हसल्या. आक्का हसली नाही. तिनं विचारलं, "म्हंजे वीस मुठींत कुठं चुकलो न्हाय मी?"

"एकदाही न्हाय," सबिना म्हणाली. "यंत्र तुमच्यापेक्षा जास्त चुकलं."

आक्का उठली, पदर खोचला. "तोहिदला गाडी काढाय सांग. त्या पोराला दाखवूया."

आम्ही तिघी छोट्या हत्तीत पुढं दाटीवाटीनं बसलो. यंत्र सबिनाच्या मांडीवर, दुपट्ट्यात गुंडाळलेलं. शिरोलीत फाटकावर पहारेकऱ्यानं नावं विचारली, मी स्वतः लिहिली. आत जळक्या वाळूचा आणि तेलाचा वास, ग्राइंडरचा आवाज कानात घुसत होता. विजयसिंहांनी आम्हाला बघून आधी घड्याळ बघितलं.

"तुमचा माल जिथं वापरतात तिथं न्या आम्हाला," सबिना म्हणाली.

एका बाकावर तेजस्वी नावाची पोरगी पंपाच्या तुकड्यांत आमचे बुश ठोकत होती. सबिनानं तिला विचारलं, "ताई, एका डब्यात किती जोडता?"

"शंभर."

"मग डबा रिकामा होतो?"

"कुठला रिकामा? दर डब्याला एक उरतोच." तिनं बाकाखालून पायानं एक तेलाचा डबा पुढं सरकवला. आत पितळ चमकत होतं. "ह्यात टाकतो. एखादा खाली पडून हरवला तर यातला घेतो."

विजयसिंह त्या डब्याकडं बघत राहिले. "मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी विचारलं कवा? कमी पडलं तर ओरडता. उरलं तर कोण ओरडतंय?"

आजूबाजूचे दोघेतिघे कामगार हातातलं काम टाकून जमले. सबिनानं बाकावर यंत्र मांडलं, तारा जोडल्या. विजयसिंहांनी स्वतः तेलाच्या डब्यातला एकेक बुश पाइपात सोडला. टूक, टूक. ग्राइंडर कुणीतरी बंद केला. शेवटचा बुश पडला तेव्हा आकडा होता एकशे एकतीस.

"तीन खेपांचे कमी एकशे चव्वेचाळीस," सबिना म्हणाली. "बाकीचे ताईंनी हरवलेल्याच्या जागी लावले."

"लावलेत की," तेजस्वी म्हणाली.

विजयसिंहांनी पाइप उचलून उलटा केला, ट्यूबची बाही सरकवून आत बघितलं, कॅल्क्युलेटर हातात घेतला. "हे कुणी केलं?"

"मी."

"कुठं शिकलात?"

"शिकलेली होते," सबिना म्हणाली. "केलं आत्ता."

मग ते आक्काकडं वळले. तिनं कमरेचा बटवा सोडला आणि त्यांच्यासमोर बाकावर ठेवला. "जाताना बी तपास बाबा. नंतर कटकट नको."

त्यांनी बटव्याला हात लावला नाही. मान खाली घालून उभे होते. "आजी, चुकलं माझं."

आक्कानं बटवा परत उचलला.

"एक सुपारी द्या की," ते म्हणाले.

आक्कानं बटवा उघडला. एक सुपारी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. तिचा हात परत बटव्यात गेला आणि तिनं त्या सुपारीवर अजून एक ठेवली. ते तिच्या लक्षातही आलं नाही. विजयसिंहांच्या मात्र आलं.

"आजी, यापुढं डब्यात वरचा नको," ते हळूच म्हणाले.

"मग ते शंभर कसं व्हणार?"

त्यांनी सबिनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरं. तुम्ही एकशे एक भरा. फक्त डब्यावर एकशे एक लिहा. मी तसं धरतो."

तेव्हापासून आमच्या शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर मी मार्करनं एकशे एक लिहिते. सबिनानं पुढं नापास नगांसाठी दुसरा पाइप केला. वर्षभरात कारखान्यानं तिच्याकडून तसली अजून चार यंत्रं करून घेतली. प्रत्येक यंत्र ती आधी आक्कापुढं ठेवायची. आक्का वीस मुठी मोजून टाकायची, वर एक टाकायची, आणि आकडा बरोबर आला की म्हणायची, "पास." मगच ते यंत्र छोट्या हत्तीत चढायचं. गैबींचा कॅल्क्युलेटर पहिल्या यंत्रालाच आहे. बंद करून देते म्हणाली होती, पण मीच मागितला नाही.

आक्का शेवटपर्यंत मोजत होती. डोळ्याचं ऑपरेशन तिनं करून घेतलं नाही. म्हणायची, हाताला दिसतंय तेवढं पुरे.

ती गेली त्या दिवशी तिच्या गोठ्याच्या भिंतीवरच्या शेण्या वाळलेल्या होत्या. सरणासाठी गल्लीतल्या घरांनी आपापल्या आणून त्यात घातल्या. तोहिदनं गाडी परड्यात लावली. क्रांती आणि सबिना दोघी शेण्या गाडीत भरत होत्या, दोन्ही हातांत मिळून पाच. उदयसिंह शेजारी नुसता उभा होता. विसाव्या वेळी सबिनाचे हात थांबले, मग तिनं अजून पाच घेऊन वर ठेवल्या. क्रांतीनंही ठेवल्या. किती झाल्या हे कुणी विचारलं नाही. मी मोजत होते.

झुंबरबाई, आमची आक्का, गुरुवारी चौदा नोव्हेंबर दोन हजार चोवीसला, कार्तिक पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेनऊला वारली. वय पंचाहत्तरच्या आसपास असेल. जन्माची नोंद नाही.